‘आकार’ की ‘आकारमान’? (नॅनोस्फटिकांच्या निमित्ताने)

मांडवीकाठ: पणजीत एका विज्ञान प्रदर्शनात पाच बंद कुप्या मांडल्या होत्या. जांभळी बॅटरी मारली की ओळीने निळी, हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशा उजळायच्या. पाचही कुप्यांत पदार्थ एकच, कॅडमियम सेलेनाइड. खाली पाटी: ‘अर्धसंवाहक नॅनोस्फटिकांचा रंग त्यांच्या आकारानुसार बदलतो.’ (नॅनोस्फटिक म्हणजे नॅनोमीटरमध्ये, मीटरच्या अब्जांशात मोजायचे स्फटिककण.) सोबतच्या नववीतल्या भाचीने विचारलं, “मामा, म्हणजे निळ्यातले गोल आणि लालातले चौकोनी?” मी गप्प. मराठीत गोल-चौकोनही आकार आणि लहान-मोठंही आकारच. पाटीवर काय हवं होतं?

आबोली: ‘आकारमान’. आकार म्हणजे रूप, आकारमान म्हणजे मोठेपणा. झालं!

खाजन: झालं कुठे, बाय? घनता काढताना वस्तुमानाला ज्याने भागतो, त्यालाही शाळेत आकारमानच म्हणतात. म्हणजे घनफळ. एरवी चालून जाईल, पण इथे हिशेबच फिरतो.

प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागे त्याची पोकळी राहते. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात या जोडीची त्रिज्या साधारण 5 ते 6 नॅनोमीटर. कण त्याहून लहान असला की जोडी कोंडली जाते. ही कोंडण्याची ऊर्जा कणाच्या त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की ती चौपट. ही ऊर्जा जितकी जास्त, तितका रंग निळ्याकडे. आता ‘आकारमान निम्मं’ असं लिहिलं आणि वाचणाऱ्याने घनफळ धरलं, तर त्रिज्या सुमारे 0.79 पटच होते आणि ऊर्जा जेमतेम 1.6 पट. (जोडीतल्या आकर्षणाची वजाबाकी सोडून देतोय.) म्हणून मी सरळ ‘व्यास’ लिहितो. 2 नॅनोमीटरच्या आसपास निळा, 6 च्या आसपास लाल.

मांडवीकाठ: व्यास गोलाला ठीक. कण कांडीसारखे असले तर?

खाजन: मग ‘जाडी’. कांडीचा रंग मुख्यतः जाडीवर ठरतो, लांबीवर फारच कमी. शिवाय तिच्यातून निघणारा प्रकाश लांबीच्या दिशेने ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः त्याच दिशेत होतात. तेव्हा रूपाच्या अर्थाने ‘आकार’ही तिथे लागू पडतो. भाची अगदीच चुकली नव्हती.

आबोली: मानलं. पण ‘बारीक केल्याने रंग बदलतो’ असं का नको? मोरचूद कुटला की फिका पडतोच ना.

खाजन: तो फिकेपणा प्रकाश विखुरल्यामुळे. कुटलेला मोरचूद शोषतो तोच प्रकाश, जो खडा शोषत होता. नॅनोस्फटिकात शोषणच निळ्याकडे सरकतं. आणि हे कण कुटून करत नाहीत, वाढवतात. 1993 मध्ये मौंगी बावेंडी यांच्या गटाने तापलेल्या द्रावकात रसायनं एकदम टोचून एकसारखे कण मिळवले. कण वाढत जातात तसा त्याच भांड्यातला रंग लालाकडे जातो. त्याआधी अलेक्सी येकिमोव यांना हाच परिणाम काचेत दिसला होता, लुईस ब्रस यांना द्रावणात. 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून. तर ‘बारीक केल्याने’ म्हटलं की खलबत्ताच डोळ्यांपुढे येतो.

आबोली: मग भाचीला घुमटाचं सांगा, आपल्या गोव्याच्या मातीच्या तालवाद्याचं. चवथीच्या आरतीला लहान घुमट चढा बोलतो, मोठा खाली. निळा म्हणजे चढा.

मांडवीकाठ: हे तिला लगेच पटेल, ती घरी घुमट वाजवते. पण पाटीचं काय? गंमत बघा, प्रश्न विचारायला मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, ‘कसा’ आणि ‘केवढा’. कोंकणीतही ‘कसो’ आणि ‘केदो’. उत्तराचं नाम करायला गेलं की दोन्ही ‘आकारा’त जाऊन पडतात.

खाजन: नाम कशाला हवंय? ‘कण केवढा, त्यावर रंग ठरतो.’

आबोली: हे आवडलं. (याच कणांचं दुसरं नाव ‘क्वांटम डॉट’; त्याला ‘पुंजबिंदू’ म्हणावं का, यावर वेगळा धागा काढा. मला त्यात ढीग दिसतो.)

मांडवीकाठ: भाचीला खाजनबाबांची ओळ वाचून दाखवली. म्हणाली, “मग प्रत्येक कुपीवर केवढा ते लिहायला काय झालं होतं?”