भ्रंश म्हणजे सरसकट भिंत नव्हे
भ्रंशातून, म्हणजे ज्या भेगेवर खडकांचे थर एकमेकांसापेक्ष सरकलेले असतात तिच्यातून, तेल वाहतच नाही, म्हणून तेलसाठ्याच्या संगणकीय प्रतिमानात तेथे शून्य प्रवाह धरावा, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. आपल्या कोकणातले तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरेच पाहावेत. अखंड काळ्या बेसॉल्टमधून पाणी फारसे झिरपत नाही, पण भेगांच्या पट्ट्यांतून ते खोलवरून वर येते. वाळूखडक आणि शेल (चिकणमाती घट्ट होऊन बनलेला खडक) यांचे थर आलटून-पालटून असतील तर मात्र भ्रंशाच्या गाभ्यात चिकणमाती चोळली जाऊन वाट बुजते. समजा, थर २० मीटर सरकले आणि एखाद्या बिंदूपुढून गेलेल्या त्या २० मीटरमध्ये ५ मीटर चिकणमाती होती, तर तिचे प्रमाण २५ टक्के येते. त्यावरून भ्रंशातील खडकाची पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो ते) आणि सरकण्यावरून त्याची जाडी अंदाजून, प्रतिमानात भ्रंशाच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींमधील (साठ्याच्या पाडलेल्या छोट्या भागांमधील) प्रवाहाला ० (पूर्ण बंद) ते १ (पूर्ण खुला) मधला गुणक लावतात. आपल्या किनाऱ्यासमोर १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे, त्यामुळे वाळूखडक-शेलच्या थरांसाठीचे हे गणित तेथे जसेच्या तसे लावणे मला धोक्याचे वाटते. शिवाय उत्पादनापूर्वी दोन्ही बाजूंचा दाब सारखा आढळला, एवढ्यावरून भ्रंश खुला ठरत नाही, कारण लाखो वर्षांत दाब समान करणारी बारीक गळती विहिरीच्या वीस-तीस वर्षांच्या आयुष्यात नगण्य ठरू शकते.