'की' म्हणजे पट्टी, सूर की चावी?

खाडीकाठ (रत्नागिरी)
एका जॅझ गाण्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. गाणं 'समरटाइम', गर्श्विनच्या 1935 च्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातली अंगाई. लेखाच्या सुरुवातीला तीन नोंदी आहेत: टेम्पो, की (गाणं कोणत्या सुरावर बेतलंय ते), मूड. टेम्पोला 'लय' लिहून मोकळी झाले. ऑपेरात गाणं बी मायनरमध्ये आहे, बी म्हणजे पेटीवरची सातवी पांढरी पट्टी, म्हणून मी 'पट्टी: पांढरी सात' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'चावी' केलं. घरी भजनं झाली, तेव्हापासून मी पट्टीच ऐकत आलेय. आणि मूडला काय लिहू?

डबलबारी
ताई, पट्टीच. बारीला, म्हणजे भजनाच्या सामन्याला बसताना पेटीवाला बुवांना विचारतो, 'पट्टी खयची?' उत्तर येतं, 'काळी चार.' चावी कोणी म्हटलेली मी तरी ऐकली नाही.

शुद्धसूर
पट्टी म्हणजे बोटाखाली दबते ती लाकडाची पट्टी. पेटी आली एकोणिसाव्या शतकात, युरोपातून. त्याआधी आपले गवई तंबोऱ्यावर सूर लावूनच गात होते ना? 'षड्ज' लिहा किंवा 'आधारस्वर'. आयात वाद्याचा सुटा भाग संज्ञा म्हणून कशाला?

पेटीदुरुस्ती (कुडाळ)
दादा, शब्द पेटीतून कधीच बाहेर पडलाय. आई पोराला म्हणते, 'इतक्या वरच्या पट्टीत बोलू नको.' तिथे कुठली पेटी? पट्ट्या माझ्या रोजच्या हाताखालच्या. पावसात फुगून अडकतात, मग एकेक काढून कड घासायची. तरी सांगतो, ताईंच्या नोंदीत अर्धंच आलंय. पांढरी सात म्हणजे सा कुठे धरला एवढंच कळतं. 'मायनर' त्यात येत नाही. त्यासाठी गंधार, धैवत, निषाद कोमल, हे वेगळं सांगावं लागेल.

खाडीकाठ
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मग 'पांढरी सात, आसावरी थाट' चालेल? त्या थाटात हेच तीन स्वर कोमल असतात.

शुद्धसूर
थाट म्हणा, पण वाचक आसावरी राग समजेल. तो सकाळचा, दुसऱ्या प्रहराचा. अंगाईला तो कसा चालेल?

देवगड-तारामुंबरी
चावीवरून आठवलं. आजोळी चावीचा ग्रामोफोन होता, मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. चावी उतरत आली की गाणं संथ व्हायचं आणि गाणारीचा आवाजही खाली खाली जात पुरुषी व्हायचा. आजी चुलीपुढून हाक द्यायची, 'अरे, बाई दमली, चावी दे!' म्हणजे लय आणि पट्टी दोन्ही त्या चावीच्याच हातात. तपासणाऱ्यांचं चूकच आहे, पण मला तो शब्द अगदीच परका वाटत नाही.

पेटीदुरुस्ती (कुडाळ)
त्याचं गणित आहे. तबकडी साधारण सहा टक्के जलद फिरली की सूर एक घर चढतो, पांढरी सातची वरची पांढरी एक होते. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणावरून पट्टी सांगताना आधी वेग तपासावा. ताई, लेखातली नोंद ऑपेरातली की तबकडीवरची? गायिका आपल्या गळ्याप्रमाणे पट्टी बदलते.

खाडीकाठ
लेखात तेवढं स्पष्ट नाही. विचारून घेते. मूडचं राहिलंच.

डबलबारी
'करुण' लिहा.

खाडीकाठ
करुण जड होतं हो. बाळाला सांगतेय सगळं ठीक आहे, आणि सूर मात्र ऐकणाऱ्याला आत कुठेतरी ओढत नेतो. संध्याकाळी होड्या परतायची वेळ टळली की किनाऱ्यावर जे वाटतं, तसं.

देवगड-तारामुंबरी
हुरहुर.

शुद्धसूर
हुरहुर ऐकणाऱ्याला लागते, ती गाण्यात नसते. गाण्याचा 'भाव' असतो, ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो तो 'रस'.

डबलबारी
मग आमच्याकडे भजनाचा गजर चढत गेला की म्हणतात 'बारी रंगली', तो रंग कोणाचा? बुवाचा की ऐकणाऱ्याचा?

पेटीदुरुस्ती (कुडाळ)
दोघांचा. पण 'गजर' शब्द कुठून आला हो? आमच्याकडे कोणी म्हणतं गर्जनेवरून, कोणी म्हणतं घड्याळाच्या टोल्यांवरून.