व्हॅनमध्येच राहायचं तर महिन्याचा हिशेब कसा ठेवायचा? (कोकण किनारा, पावसाळ्यासकट)

रेवस_ते_रेडी:

डिझेल व्हॅन, आत दोन माणसांचा संसार. एक शेगडी, ५ किलोचा सिलिंडर, ६० लिटरची पाण्याची टाकी, छपरावर सोलर. नोव्हेंबरपासून पुढचं अख्खं वर्ष कोकण किनाऱ्यानेच राहायचं आहे. खर्च रोजच्या रोज ॲपमध्ये टाकतो, खाने नेहमीचेच: प्रवास, जेवण, मुक्काम, इतर. तरी दोन महिने शेजारी ठेवले की काहीच बोध होत नाही. विम्याचा हप्ता भरला की तो महिना फुगतो. ३० तारखेला डिझेलची टाकी फुल केली की पैसे या महिन्यात आणि धावणं पुढच्या. रोखीचा ताळमेळ लागत नाही, उरलेली रक्कम 'इतर'मध्ये जाते आणि 'इतर' जेवणाच्या बरोबरीला येतं. जून ते सप्टेंबरसाठी किती पैसे बाजूला काढावेत, हे या नोंदींवरून ठरवायचं आहे. ॲपचं नाव नको, पद्धत सांगा.

खातेवही:

खाने बदला. प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: हा कशामुळे वाढतो? गाडी जास्त धावली की वाढणारा खर्च 'किलोमीटर' खात्यात. माणसं जेवतात, आंघोळ करतात म्हणून होणारा 'दिवस' खात्यात. गाडी लावायच्या जागेचे पैसे 'रात्र' खात्यात. गाडी जागेवर उभी असली तरी द्यावाच लागणारा 'वर्ष' खात्यात. पावसाळ्यात किलोमीटर घटतात, रात्रींचे पैसे वाढतात आणि दिवस तेवढेच राहतात. त्यामुळे अंदाज या चार खात्यांतूनच निघतो.

किलोमीटर खातं नीट बसवायला सगळ्यात जास्त कष्ट आहेत, पण तिथेच पैसाही आहे. डिझेलचं बिल हा त्या महिन्याचा खर्च धरू नका. टाकी ते टाकी मोजा: नॉझल आपोआप बंद पडला की तिथेच थांबायचं, वर 'राउंड फिगर' करायची नाही, मीटरचे किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. समजा दोन फुल टाक्यांमध्ये ४२० किमी झाले आणि ३८ लिटर बसलं, तर ११ चा ॲव्हरेज. डिझेल ९२ रुपये धरलं तर किलोमीटरला साधारण ८ रुपये ३० पैसे. नॉझल दर वेळी त्याच जागी बंद पडत नाही, उभं राहायची जागा उतरती असली तरी फरक पडतो, म्हणून निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. मग महिन्याचा डिझेल खर्च म्हणजे त्या महिन्याचे किलोमीटर गुणिले हा दर. महिनाअखेरीस टाकीत उरलेलं डिझेल ही शिल्लक आहे, खर्च नव्हे. ३० तारखेचा घोळ इथेच संपतो.

सागरी महामार्गाचा आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ चा ॲव्हरेज वेगळा ठेवा. किनाऱ्याचा रस्ता खाडीवरून सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढतो, पुन्हा खाडीला उतरतो, आणि हे दिवसभर चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जास्त वेळ जातो. दोन्हींची सरासरी एकत्र केली तर पुढच्या महिन्याचा अंदाज चुकतो.

याच खात्यात टायर आणि सर्व्हिसही किलोमीटरप्रमाणे घाला. चार टायर ३२ हजारांचे आणि आयुष्य ४० हजार किमी धरलं तर ८० पैसे. १० हजार किमीला ९ हजारांची सर्व्हिस असेल तर ९० पैसे. डिझेल धरून झाले १० रुपये. (आकडे उदाहरणाचे, तुमच्या बिलांवरून काढा.) यातले टायर-सर्व्हिसचे किलोमीटरमागे १ रुपया ७० पैसे दर महिन्याला प्रत्यक्ष वेगळ्या खात्यात टाका. टायर घ्याल तेव्हा ती रक्कम तिथून जाईल, चालू महिन्याला ओझं नाही. मात्र सर्व्हिस इथे धरली की 'वर्ष' खात्यात पुन्हा धरायची नाही.

फेरीबोटीचं तिकीटही किलोमीटरमध्येच. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या चारही फेऱ्यांनी रस्त्याचा वळसा वाचतो. दापोलीहून गुहागरला खेड–चिपळूणमार्गे गेलं तर दाभोळच्या फेरीपेक्षा ५० किमीहून जास्त पडतात, म्हणजे वरच्या दराने निदान ५०० रुपये. तिकीट त्यापेक्षा कमी असेल तर फेरी स्वस्त, इतका साधा हिशेब आहे. गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं असतं, दोन्ही लिहा. उंच छपराची व्हॅन कोणत्या प्रकारात धरतात ते जेटीवरच्या दरफलकावर बघून घ्या.

'वर्ष' खातं सोपं आहे: विमा, पीयूसी, वर्षाचा मोबाइल रिचार्ज, आरोग्य विमा, कागदपत्रांच्या पत्त्यासाठी ठेवलेल्या घराचा देखभाल खर्च. बेरीज भागिले १२.

शेगडी_आणि_टाकी:

'दिवस' खात्यातल्या गॅसबद्दल. सिलिंडर संपला त्या दिवशी खर्च टाकला तर एका महिन्यात एक आणि पुढच्यात दोन सिलिंडर दिसतात. वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा पुरतो, कारण ५ किलोचा सिलिंडर भरलेला असला तरी एका माणसाला सहज उचलता येतो. १ तारखेला वजन, पुढच्या १ तारखेला वजन, फरक म्हणजे वापर. मोठा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १५० ते १६० ग्रॅम घेतो. रोज सव्वा तास म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, आणि सिलिंडर २५ दिवस. भात-डाळ कुकरमध्ये केली आणि शिटीनंतर ज्योत बारीक केली की हा आकडा लगेच खाली येतो.

५ किलोचा 'छोटू' वितरकांकडे आणि काही पंपांवर मिळतो. ओळखपत्र लागतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, म्हणून फिरत्या माणसाला तोच सोयीचा. किलोमागे घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरपेक्षा महाग पडतो, तो दर मान्य करून चाला. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस उतरवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते बेकायदा आहेच, शिवाय तोल न बघता काठोकाठ भरलं तर उन्हात तापलेल्या गाडीत द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि वाल्व्हमधून गॅस सुटतो. खर्च वाचवायच्या यादीत ही गोष्ट असूच नये.

पाण्याला लिटरचा हिशेब पुरे. पिण्याचं विकतचं आणि वापराचं विहिरीचं, असं वेगळं लिहा. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात, तेव्हा विकतच्या पाण्याचा आकडा वाढणारच.

बंदर_बाजार:

रोखीचा घोळ दोन ठिकाणी होतो.

पहिलं, यूपीआय लाइट. पिन न टाकता दिलेले छोटे पैसे बँकेच्या पासबुकात एकेक दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. महिनाअखेरीला बँक स्टेटमेंटवरून नोंदी करणाऱ्यांच्या हिशेबात चहा, भाजी, पार्किंग सगळं एका ओळीत गायब होतं. त्या नोंदी पेमेंट ॲपच्या इतिहासात असतात, तिथून उतरवा. नाहीतर लाइट बंद ठेवा.

दुसरं, खरी रोख. खाडीच्या खोलगट गावांत रेंज नसते, जेटीवर आणि आठवडा बाजारात रोखच चालते. प्रत्येक व्यवहार लिहायच्या मागे लागू नका. दर रविवारी पाकीट मोजा: मागची शिल्लक, अधिक एटीएममधून काढलेले, वजा आताची शिल्लक. हा आठवड्याचा रोख खर्च. त्यातलं लिहिलेलं वजा केलं की न सापडलेली रक्कम उरते. आठवड्याच्या आत बसलात तर दोघांना मिळून बहुतेक आठवतं. महिन्याने बसलात तर नाही. एटीएम मोठ्या गावातच मिळेल असं धरून चाला, आणि मोफत वेळा संपल्यावर दर वेळी पैसे कापले जातात (मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत, वर कर), म्हणून थोडे थोडे काढू नका.

मासळीची नोंद किलोत करायचा हट्ट सोडा. बाजारात बांगडे, मांदेली, तारली वाट्याने (न तोलता, ढिगाच्या भावाने) मिळतात आणि वाटा भावाप्रमाणे लहान-मोठा होतो. 'वाटा, रुपये, किती जेवणं झाली' एवढं लिहा. जेवणामागे किती पडलं हाच कामाचा आकडा. यांत्रिक नौकांना १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारीबंदी असते, त्या दोन महिन्यांत ताजी मासळी कमी आणि महाग. दिवसाचा दर काढताना हे महिने बाकीच्यांत मिसळू नका.

आगोट:

पावसाळ्याच्या अंदाजात एक गोष्ट सगळेच विसरतात. मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी होते: तांदूळ, सुकी मासळी (सुकट, जवळा, सोडे), कोकमाचं आगळ, मसाला. ते पैसे मेमध्ये जातात आणि पोटात जातं जून ते सप्टेंबर. डिझेलसारखंच ते शिल्लक म्हणून लिहा आणि चार महिन्यांत समान वाटा. नाहीतर मे उधळा वाटतो आणि जुलै खोटाच स्वस्त. व्हॅनमध्ये जागा कमी, ओल जास्त, म्हणून हवाबंद डब्यांत बसेल तेवढंच घ्या. बुरशी लागून टाकलेला माल हाही खर्च आहे, तो लिहिला की पुढच्या वर्षीचं प्रमाण कळतं.

'रात्र' खात्यात नुसती रक्कम लिहू नका, तीत काय मिळालं ते लिहा: फक्त जागा, संडास-बाथरूम, वीज, छप्पर. पावसाळ्यात छप्पर असलेली जागा महिन्याच्या बोलीने ठरवावी, रोजच्या दराने परवडत नाही. वीज आधी बोला. ढगाळ दिवसांत सोलरवर भागत नाही, प्लगमधला छोटा मीटर लावून युनिट मोजा आणि युनिटप्रमाणे पैसे द्या; मालकालाही ते बरं वाटतं. गाडीत बंद खिडक्यांनी स्वयंपाक केला तर १ किलो गॅसमागे दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन आतल्या पत्र्यावर, गादीखाली बसतं. जीवाच्या दृष्टीनेही खिडकी उघडी हवीच. गादी वाळवणं, लाँड्री, बुरशीचं औषध यांना 'ओल' असं उपखातं करा. जूनमध्ये लहान दिसेल, ऑगस्टमध्ये बघा.

आणि माडाखाली गाडी लावू नका. नारळ किंवा झावळी पडली की काच किंवा पॅनेल गेलं.

रेवस_ते_रेडी:

आभार. जानेवारी आणि जुलै असे मांडून बघितले. दर किमीला १० रुपये, दिवसाला ४५० आणि वर्ष खात्याचे महिन्याला ४,५०० धरले. जानेवारीत १,२०० किमी, १२ रात्री पैसे देऊन ३०० ने: १२,००० + १३,९५० + ३,६०० + ४,५०० = ३४,०५०. जुलैत ३०० किमी, महिनाभर जागा ९,०००: ३,००० + १३,९५० + ९,००० + ४,५०० = ३०,४५०, वर ओल. अचानक निघालेलं गॅरेजचं काम कुठे टाकायचं?

खातेवही:

जुलैचा दिवसाचा दर ४५० ठेवू नका, मासळीबंदी आणि आगोटीचा वाटा धरून तो वेगळा काढा. बाकी मांडणी बरोबर.

गॅरेजचं काम दोन भागांत फोडा. झीज झाली म्हणून निघालेलं (क्लच, ब्रेक पॅड, बेल्ट) किलोमीटरमध्ये. खाऱ्या हवेने खाल्लेलं (सायलेन्सर, बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर, ब्रेक कॅलिपरच्या पिना) वर्षात, कारण गाडी उभी असली तरी ते गंजतंच. समुद्राच्या तोंडावर मुक्काम झाला की गोड्या पाण्याने खालून धुणं आणि टर्मिनलला पेट्रोलियम जेली, हा खर्च त्याच खात्यात घाला. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) गाडी उतरवू नका. रुतली की ट्रॅक्टरचं भाडं जातंच, वर भरती आली तर इंजिन आणि वायरिंगही जातं.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, गंजून ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. सपाट जागा बघूनच उभी करा. गणपतीत मेकॅनिक घरच्या गणपतीला गेलेले असतात आणि सुट्या भागांची दुकानं बंद असू शकतात, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच बेल्ट, फिल्टर, वायपरची पाती घेऊन ठेवा आणि ती रक्कमही शिल्लक म्हणूनच लिहा, बसवाल त्या महिन्यात खर्ची टाका.