अनुभव धागा: दुचाकीवर वाट दाखवायला काय लावलंय?

घडीचा_नकाशा
माळा आवरताना महाराष्ट्राचा जुना रस्ते-नकाशा सापडला. घड्यांवर फाटलेला, माळशेजपासून आंबोलीपर्यंत पेन्सिलीची रेघ ओढलेली. टाकीवरच्या बॅगेत प्लास्टिकखाली हाच असायचा. आता त्या जागेवरून हँडलवर फोन नाहीतर जीपीएस आलाय, आणि पावसाळा तोंडावर आला की "कुठलं घेऊ?" ही विचारणा सुरू होते. तर लिहा इथे. किमती नकोत, त्या रोज बदलतात. काय टिकतं, काय बिघडतं आणि का बिघडतं, ते हवंय.

माझं मत आधी मांडतो. पडदा सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी तो धरणार कशाने, त्याला वीज कुठून आणि वाटेची फाइल कशी तयार करणार, एवढं ठरवा. या तिन्हींत गडबड असेल तर सगळ्यात महागडं यंत्रही ताम्हिणीत दगा देतं.

पर्याय साधारण चार. एक, हातातला फोन. दोन, फक्त वाट दाखवणारं यंत्र: गार्मिन झूमो एक्सटी (५.५ इंच), एक्सटी२ (६ इंच), टॉमटॉम रायडर ५५० (४.३ इंच). तीन, फोन खिशात आणि त्यातलाच नकाशा कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोने हँडलवर दाखवणारा वेगळा पडदा. चार, गाडीतच बसवलेलं: मीटिओर ३५० वरचा छोटा गोल ट्रिपर (२०२०), नवीन हिमालयन ४५० वर त्याच गोलात पूर्ण नकाशा (२०२३). लक्षात घ्या, तिसऱ्या आणि चौथ्यात डोकं फोनचंच असतं. फोन मेला की पडदा कोरा.

वायरवाला
विजेचं मी लिहितो, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

यूएसबी चार्जर थेट बॅटरीला जोडू नका. चावी बंद असली तरी तो थोडा करंट खातच असतो. २० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.४८ अँपिअर-तास. ९ अँपिअर-तासाची बॅटरी अठरा-एकोणीस दिवसांत रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात वर करतो. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर हे हमखास होतं.

रिले लावा (चावीच्या विजेने चालू-बंद होणारा स्विच), १२ व्होल्टचा साधा चार पायांचा. ३० नंबरच्या पायाला बॅटरीचा प्लस, मध्ये फ्यूज, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. ८७ वरून चार्जरला. ८६ ला चावीबरोबर चालू होणारी वायर (टेललाइटची सोपी पडते), ८५ अर्थला. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चार्जर म्हणजे १५ वॅट. तो १२ व्होल्टच्या बाजूने दीड अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणून ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. "असू दे" म्हणून १५ चा टाकला तर वायर जळेल, फ्यूज नाही.

वायर सोलून पीळ मारून टेप गुंडाळायची नाही. क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) वर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी. वायर न कापता चिमटीने जोडणारी टॅप क्लिप पहिल्या पावसाळ्यात हिरवी पडते.

शेवटी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये. ती नेहमी स्टिअरिंगच्या मानेपाशीच तुटते, आतून. वरून धडधाकट दिसते आणि मेकॅनिक दिवसभर चार्जर बदलत बसतो.

मुळशीकर
+१, मानेपाशीची वायर! हे फार कमी जण सांगतात.

रानवारा
दादा, झूमोच्या पाळण्याला (ज्यात यंत्र बसतं त्या खोबणीला) पण रिले लागतो का?

वायरवाला
त्याची पॉवर केबल थेट १२ ते २४ व्होल्टवर चालते, मध्ये यूएसबी लागत नाही. चावीची वायर चांगल्या जाडीची असेल तर रिलेशिवाय चालेल. मी तरी लावतोच. आत बॅटरी आहे त्याच्या, पण पडदा पूर्ण उजेडावर असला तर साडेतीन तासांच्या आसपासच. पाळण्यातून वीज येतेय की तो आतल्या बॅटरीवर चाललाय, हे निघतानाच बघून घ्या.

थरथर_३५०
फोन लावणाऱ्यांसाठी. कॅमेऱ्यात भिंग थरथर शोषायला तरंगतं ठेवलेलं असतं. मोठ्या इंजिनाची थरथर सतत बसली की तेच बिघडतं, फोटो फोकस होत नाही, भिंग आत खडखडतं. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये अधिकृत सूचना काढून मोटारसायकलच्या हँडलवर आयफोन लावू नका असं सांगितलंय. स्कूटर-मोपेडवरसुद्धा थरथर शोषणारा माउंट वापरा म्हणतात. हे फक्त आयफोनचं नाही, असा कॅमेरा असलेल्या कुठल्याही फोनला लागू.

उपाय: रबरी डॅम्पर असलेला माउंट. किंवा जुना फोन, ज्याच्या कॅमेऱ्याला काही झालं तरी चालेल, तो फक्त नकाशासाठी ठेवायचा. माउंटचा दांडा जितका लांब तितकी टोकाला थरथर जास्त. आखूड घ्या. एक इंची गोळ्याचे माउंट सगळ्यांत सोयीचे, सुटे भाग मिळतात. हँडल आधी मोजा: बहुतेक गाड्यांना २२ मिमी, जाड टेपर हँडलला मधोमध २८.६.

आणि नटबोल्ट सैल होऊ नयेत म्हणून निळं लॉकटाइट (आट्यांचा गोंद) लावताना ते प्लास्टिकवर सांडू देऊ नका. प्लास्टिकला तडे जातात.

घाटमाथा
दुचाकीवाल्यांचा नेहमीचा घोटाळा: ॲप मोटारीच्या मोडवर राहतं आणि कळंबोलीला थेट मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या तोंडाशी नेऊन सोडतं. तिथे आपल्याला बंदी. समृद्धी, अटल सेतू, सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, सगळीकडे तेच. गूगलने भारतात २०१७ पासून दुचाकीचा मोड दिलाय, पण नकाशा ऑफलाइन झाला की तो मोटारीची वाट काढतो. रेंज असतानाच वाट काढा आणि मग ॲप बंद करू नका.

दुसरी चूक याहून मोठी. एक्सप्रेसवे टाळायला लोक "टोल टाळा" चालू करतात. मग राष्ट्रीय महामार्गही जातो आणि यंत्र गावागावांतून फिरवतं. महामार्गावर दुचाकीला टोल नसतोच, त्यामुळे ते बंद ठेवा. झूमोत ठराविक रस्ता टाळायची वेगळी सोय आहे, एक्सप्रेसवे तिथे टाका.

हर्णै_ते_हर्णै
याच्याच जोडीला "फेरी टाळा" पण बघा!! कोकण किनारा करणाऱ्यांनी खास. ते चालू राहिलं तर दापोलीहून गुहागर चिपळूणवरून दाखवतं. खरी वाट दाभोळला फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपावे. तसंच आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, तवसाळ-जयगड. चारही ठिकाणी गाडी बोटीत चढते.

रानवारा
वेसवीला रात्री किती वाजेपर्यंत असते? आई-बाबांना घेऊन हरिहरेश्वरला जायचंय

हर्णै_ते_हर्णै
वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी फोन करून विचारा. यंत्राला बोटीची वेळ कळत नाही, ते पोहोचायची वेळ दणकून चुकीची सांगतं. अंधार पडायच्या आत धक्क्यावर पोहोचा. आणि आईबाबा सोबत असतील तर बोटीत चढताना त्यांना आधी उतरवा, फळी ओली असते, गाडी एकट्याने पहिल्या गिअरात चढवा. पुढचा ब्रेक नको.

रानवारा
खूप आभार ताई 🙏

जीपीएक्स_वेडा
फाइलबद्दल. ट्रॅक आणि रूट यातला फरक न कळल्यामुळे चांगली यंत्रं बदनाम होतात.

ट्रॅक म्हणजे ठिपक्यांची माळ. यंत्र ती फक्त रेघ म्हणून दाखवतं, बदलत नाही. रूट म्हणजे मोजके बिंदू, मधली वाट यंत्र स्वतः काढतं, तुमच्या यंत्राच्या सेटिंगप्रमाणे. म्हणून मित्राने पाठवलेला रूट तुमच्याकडे वेगळा दिसतो. मित्र चुकलेला नसतो.

पुणे ते माणगाव ताम्हिणीने जायचंय. फक्त दोन टोकं दिली तर यंत्र त्याला वेगवान वाटेल तिकडून नेईल. पौड, मुळशी, निजामपूर असे बिंदू द्या. बिंदू तिठ्यावर ठेवू नका, तिठ्याच्या पुढे दोन-तीनशे मीटर, हव्या त्या रस्त्यावर ठेवा. ठेवताना नकाशा पूर्ण मोठा करून बघा. दुभाजकाच्या रस्त्यावर बिंदू पलीकडच्या बाजूला पडला, तर यंत्र तुम्हाला पुढे नेऊन वळवून उलट आणेल, बिंदू गाठेल आणि पुन्हा वळवेल.

गार्मिनमध्ये बिंदूंचे दोन प्रकार. थांब्याचा बिंदू चुकला तर ते तिथेच परत न्यायला बघतं. नुसता आकार देणारा बिंदू चुकला तर फार हट्ट करत नाही. म्हणून पेट्रोल, चहा, मुक्काम हे थांबे, बाकी सगळे आकाराचे. वरंध घाट बंद निघाला आणि परत फिरावं लागलं, तर "पुढचा थांबा वगळा" हे बटण कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा. भर पावसात हातमोजे घालून सापडत नाही.

रूटबरोबर ट्रॅकही भरा आणि दोन्ही वेगळ्या रंगांत दाखवा. यंत्राने वाट बदलली की रेघा फाटताना लगेच दिसतात.

घडीचा_नकाशा
शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. फोनवर हे कशात जमतं?

जीपीएक्स_वेडा
ऑसमअँड. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला, मोफत) नकाशा, पूर्ण ऑफलाइन, रेघ वेगळी दिसते. शिकायला दोन संध्याकाळी जातात. ऑरगॅनिक मॅप्स सोपं, पण त्यात एवढं खेळता येत नाही.

वऱ्हाडी_चाक
आमच्याकडे मे महिन्यात पाऊस नाही, ऊन हा मुद्दा असते. आयफोनला ॲपल ० ते ३५ अंशांचीच हमी देते. चंद्रपूरला ४५ ला फोन आधी पडदा मंद करते, मग चार्जिंग थांबवते, मग बंद. कव्हर काढून लावा. वायरलेस चार्जिंग उन्हात नको, त्याची स्वतःची उष्णता असते. उन्हात नकाशा काळ्या रंगात ठेवू नका, पांढरा जास्त वाचता येते. लांबच लांब सरळ रस्ता असला तर पडदा बंद, फक्त हेल्मेटात आवाज.

गार्मिन ईट्रेक्ससारखी हातात मावणारी लहान यंत्रं उन्हात उलट छान दिसतात, त्यांचा पडदा उजेड परतवते. दोन पेन्सिल सेलवर चालतात, ते कोणत्याही टपरीवर मिळते.

पन्हाळ्याची_सून
पावसाचं राहिलंच. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती परीक्षा साचलेल्या पाण्यात होते, ऐंशीच्या वेगाने आपटणाऱ्या धारांची वेगळी असते. आणि फोन आयपी६७ असला तरी यूएसबीच्या भोकात केबल खुपसली की तिथून ओल जाते, "द्रव आढळला" म्हणून चार्जिंग बंद. पॉवर बँक खिशात, फोन पिशवीत आणि पाऊस असेतो फक्त आवाज, हा स्वस्त मार्ग.

केबल खालून वर यावी, म्हणजे पाणी खालच्या वळणावर ठिबकतं, खोबणीत शिरत नाही. झूमोच्या पाळण्याच्या टाचण्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीसचं (विजेच्या जोडांना ओल लागू न देणाऱ्या) बोट. पावसाळ्याआधी एकदा, गणपतीनंतर एकदा.

अंबोलीकर
रेंज नसली की जीपीएस बंद पडतं, हा गैरसमज काढून टाका राव. उपग्रहाला मोबाइलचा टॉवर लागत नाही. टॉवर फक्त सुरुवात लवकर करून देतो. तो नसेल तर उपग्रहाकडूनच त्याची जागा ऐकावी लागते, ती माहिती दर ३० सेकंदांनी येते. यंत्र महिनोन्‌महिने बंद असेल तर सगळ्या उपग्रहांची यादी यायला साडेबारा मिनिटं. म्हणून घरून निघायच्या आधी उघड्यावर चालू करून ठेवा.

घाटात कड्यावर आपटून लहरी उशिरा येतात आणि गाडी वरच्या वळणावर दाखवली जाते. एल१ बरोबर एल५ (उपग्रहाच्या लहरींचे दोन पट्टे) ऐकणारा फोन किंवा यंत्र घेतलं तर हा प्रकार बराच कमी होतो. आपल्या नाविकचे (भारताच्या स्वतःच्या उपग्रहांचे) सिग्नलही एल५ वर येतात, आणि मे २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून एल१ वरही.

एडिसनचा_मराठी
डिसेंबरात येतोय, लेह नाही पण कोकण-गोवा करणार. इकडून (अमेरिकेतून) गार्मिन मोंटाना ७००आय आणू का? मस्त आहे.

जीपीएक्स_वेडा
नको! त्या "आय" मध्ये उपग्रहावरून संदेश पाठवायची सोय आहे. भारतात परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं बेकायदा. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये याच कारणावरून परदेशी पर्यटक अडकलेत. ७५०आय, ६६आय, ८६आय, सगळी इनरीच मंडळी घरी ठेवा. साधा मोंटाना ७०० किंवा झूमो आणा.

तिकडच्या यंत्रात भारताचा नकाशा नसतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनलेली आयएमजी फाइल एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या मायक्रोएसडी कार्डावर टाका, आणि नकाशांच्या यादीत ती टिचकी मारून चालू करा. ही टिचकी विसरली की पडदा रिकामा दिसतो.

एडिसनचा_मराठी
बापरे, बरं झालं विचारलं. सामानात टाकलाच होता.

मुळशीकर
पोलिसांचा प्रश्न येतोच म्हणून: ऑक्टोबर २०२० पासून नियमात वाट बघण्यापुरता फोनला मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. हातात धरून नाही.

रानवारा
हँडलवर जागाच नाही माझ्या, यामाहा आहे. आरशाच्या बोल्टवर माउंट चालेल?

थरथर_३५०
चालेल, उलट चांगला बसतो. पण आधी आटे बघा. बऱ्याच यामाहांना उजव्या आरशाला उलटे आटे असतात, सोडवायला उजवीकडे फिरवायचं. जोर लावून डावीकडे फिरवलं तर ब्रेकच्या पकडीचे आटे जातील.

रानवारा
आणि डावा?

थरथर_३५०
डावा सरळ. शक्यतो डावीकडेच लावा, उजवा हात थ्रॉटलवर असतो. १४ चा पाना घ्या, नाही बसला तर १७.