जुने फोटो जमवायचे तर आधी मुंबई गाठा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कबड्डी, खो-खोचे जुने फोटो संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी हवेत, आणि बहुतेक जण ते व्हॉट्सॲपवर मागवा असं सुचवतात. तसं करू नका हो. तिथे फोटो इतका दाबला जातो की मोठा छापला की चेहरे पुसट. मूळ फोटो मागा, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि लगेच परत द्या. परत मिळतो हे कळलं की पुढची घरं आपोआप उघडतात.

आमच्याकडचे निम्मे खेळाडू मुंबईच्या गिरणीत होते, त्यामुळे फोटो लालबाग-परळच्या खोल्यांत निघतील. गणपतीला किंवा शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हा आधीच सांगून ठेवा.

खाऱ्या दमट हवेने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला असतो. ओढून काढलात तर चेहराच काचेवर राहील. काचेसकट तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने टिपा. नावं मागे लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि लॅमिनेशन कृपया नको.

साल कोणाला आठवत नाही. मग बॅनर वाचा: 'कुलाबा जिल्हा' (आताचा रायगड) असेल तर फोटो बहुधा १९८१ च्या आधीचा, 'सिंधुदुर्ग' असेल तर त्यानंतरचा. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही स्कॅन करा, कारण हक्काचा प्रश्न निघाला की तोच लागतो. आपल्याकडे फोटोचा कॉपीराइट २०१२ पर्यंत प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालायचा, आता फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.