‘सहसंयुज’ची फोड आणि नवसागराचा घोळ

प्रश्न : मुलगी दहावीला आहे. संयुग आयनिक की सहसंयुज हे ती एकाच युक्तीने ओळखते : धातू दिसला की आयनिक, सगळे अधातू असले की सहसंयुज. नवसागरात (अमोनियम क्लोराइड) नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन, तिन्ही अधातूच. तरी उत्तर ‘आयनिक’. असं का? आणि ‘सहसंयुज’ शब्द आला कुठून?

उत्तर १ : संयुजा म्हणजे मूलद्रव्याची जोडलं जाण्याची क्षमता. ‘सह’ म्हणजे सामायिक. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी सामाईक ठेवतात, म्हणून सहसंयुज. ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. आयनिक बंधात वाटणी नसते. एकाने इलेक्ट्रॉन दिला, दुसऱ्याने घेतला, आणि त्यातून झालेल्या धन-ऋण प्रभारित कणांनी (आयनांनी) एकमेकांना धरून ठेवलं.

उत्तर २ : नवसागरात दोन्ही बंध आहेत. अमोनियम या गटाच्या आत नायट्रोजन-हायड्रोजन सहसंयुज. पण अख्खा गट धनप्रभारित, म्हणून क्लोराइडशी त्याचं नातं आयनिक. खाण्याच्या सोड्यातल्या बायकार्बोनेटचंही तेच. त्यामुळे खरं तर ‘हे संयुग कुठलं’पेक्षा ‘हा बंध कुठला’ असं विचारावं. परीक्षेत तसं कुणी विचारत नाही, ते सोडा.

युक्ती उलट बाजूनेही फसते. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइडमध्ये धातू आहे, पण ते साधारण १८० अंश सेल्सिअसला सरळ वाफ होऊन उडतं. मीठ वितळायलाच ८०१ अंश लागतात! ॲल्युमिनियमचा आयन लहान आणि त्यावर प्रभार तीन. तो क्लोरीनचा इलेक्ट्रॉन ढग इतका ओढतो की देणं-घेणं राहत नाही, वाटणीच होते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमपुरती मात्र युक्ती चांगली चालते.

उत्तर ३ : मग वीज वाहते का ते पाहावं ना? पाण्यात विरघळवून?

उत्तर २ : पाण्यात नको. हायड्रोजन क्लोराइड वायू सहसंयुज, पण पाण्यात गेला की आयन होतात आणि वीज वाहते. वितळवून पाहिलं तर खरं कळतं : वितळलेल्या मिठातून वाहते, वितळलेल्या मेणातून नाही. नुसत्या वितळणबिंदूवरही जाऊ नका. वाळूतलं सिलिका सहसंयुज असूनही सुमारे १७०० अंशांपर्यंत दाद देत नाही.

उत्तर १ : शब्दांचाच धागा आहे तर एक भर. ‘मिठाचा रेणू’ असं सर्रास लिहितात, ते चूक. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. सुटी जोडी कुठेच नसते. तिथे ‘सूत्र एकक’ म्हणावं, म्हणजे आयनांचं नुसतं प्रमाण, एकास एक. पाण्याचा, साखरेचा रेणू ठीक.

प्रश्नकर्ती : आता कळलं. ती हिंदी व्हिडिओही बघते, त्यात अणू-रेणूचा वेगळाच गोंधळ होतो.

उत्तर १ : होणारच. हिंदीतला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा ‘परमाणु’. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.