पवनारच्या टेकडीवरचा बंगला : या गोष्टीतून शेटजी कुठं गेले?

धामकाठी
मागच्या रविवारी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वर्ध्याजवळच्या पवनारला, विनोबांच्या आश्रमात नेलं. धाम नदीचा पूल ओलांडून टेकडी चढलो. त्यांच्या पोरानं विचारलं, "काका, विनोबांना एवढी मोक्याची जागा सापडली कशी?" म्हटलं, सापडली नाही रे, हा शेटजींचा, म्हणजे जमनालाल बजाजांचा बंगला. पोरगं चाटच पडलं. आश्रम म्हटल्यावर त्याच्या डोळ्यापुढं झोपडी होती.

आपण ही गोष्ट नेहमी 1938 पासून सांगतो. विनोबांची प्रकृती ढासळली, थंड हवेच्या ठिकाणी जा असा आग्रह झाला, त्यांनी पवनार निवडलं आणि पूल ओलांडताना 'संन्यस्तं मया' म्हणाले. सुंदर प्रसंग. पण बंगला त्याआधी होता आणि तो कापसाच्या पैशातून उभा राहिला. जमनालालजी सीकरकडच्या खेड्यातलं पोर, वर्ध्याच्या बच्छराज शेटजींच्या घरी दत्तक आलं. पेढी कापसाची. तो कापूस पिकवला कोणी, वेचला कोणी? माझं म्हणणं एवढंच, की त्यागाची गोष्ट सांगताना मिळकतीचीही सांगा.

बोरनाला
पैसा कापसाचा होता हे कोण नाकारतं? त्या काळी वर्ध्यात दुसरं होतं काय? कापसावर बंगले बांधणारे शेटजी विदर्भात पैशाला पासरी. हातचं रिकामं करून देणारा दाखवा. 1934 ला ग्रामोद्योग संघासाठी बाग-बंगला दिला, तीच मगनवाडी. गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, मधमाश्या सगळं तिथंच चालवलं. मग पवनार. रायबहादूर किताब 1921 ला परत केला. स्वतः शेवटी गोपुरीत झोपडीत राहिले, 11 फेब्रुवारी 1942 ला गेले. अजून काय पायजे?

कपाशीवाला
झोपडीत रायले म्हणून मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सुटली काय बाप्पा? सेगावच्या, म्हणजे आताच्या सेवाग्रामच्या मालगुजारीत त्याइचाच मोठा वाटा होता. गांधीजी 1936 ला खेड्यात आले म्हणतात, ते शेटजीच्याच गावात आले ना! आमचा आजा सांगे, शेटजीच्या बजाजवाडीत मोठमोठे पुढारी येत, मोटारी येत, आमी कुंपणाबाहेरून पाहो. तुमी ज्याले सांस्कृतिक जीवन म्हणता, ते कुंपणाच्या आत होतं.

बोरनाला
कुंपणाचं म्हणता, तर देवळाचंही बोला. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर याच घराण्याचं. 1928 ला ते अस्पृश्यांना उघडलं. पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह 1929 चा, नाशिकला काळारामाचा 1930 चा. तिकडं लोकांनी मार खाल्ला, इथं मालकानं स्वतः दार उघडलं.

कपाशीवाला
देऊळ उघडलं, मानतो. सातबारा उघडला काय?

माजघर
दोघांचंही भांडण बाप्यांचंच चाललंय. बजाजवाडीत काँग्रेसची पंगतच्या पंगत उतरायची. 14 जुलै 1942 चा, इंग्रजांनी चालतं व्हावं असं सांगणारा ठराव कार्यकारिणीनं वर्ध्यातच केला. एवढ्या पाहुण्यांच्या चुली कोणी पेटवल्या? जानकीदेवींचं नाव अजून एकानंही घेतलं नाही. मारवाडी घरची सून, तिनं पडदा सोडला, दागिने उतरवले, परदेशी कापडाची होळी केली, पुढं कूपदानासाठी, म्हणजे विहिरींसाठी दान मागत, गावोगाव फिरली. 1956 ला पद्मविभूषण मिळालं. दान नवऱ्याचं म्हणून सांगतात, घर मात्र तिनं सोडलं होतं. आणि पवनारला 1959 ला ब्रह्मविद्या मंदिर झालं, तो बायकांचा आश्रम. शेती, सफाई, छपाई सगळं हातानं, निर्णय एकमतानं. शेटजींच्या बंगल्याच्या आवारात स्वतःचा कारभार स्वतः करणाऱ्या बायका, ही खरी उलथापालथ. त्यावर धागा काढा की.

विटा-माती
जरा आडवं बोलतो. शेटजींचा की विनोबांचा असं विचारताय, जमिनीखालच्यांना विसरलात. आश्रमात खणताना विनोबांना भरत-राम भेटीची मूर्ती सापडली. 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी असं चित्र कोणी काढावं म्हटलं होतं, म्हणून त्यांना तिचं अप्रूप. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मांडलं. काही जण तो मान रामटेकजवळच्या मनसरला देतात, वाद आहे. 1967 ला नागपूर विद्यापीठानं इथं उत्खननही केलं. त्या टेकडीचे मालक बदलतच आलेत.

धामकाठी
माजघर, चूक कबूल. मीही पाहुण्यांना जानकीदेवी सांगितल्याच नाहीत.

कपाशीवाला, तुमच्या सातबाऱ्यावर मी दोन दिवस अडलो होतो. मग तारखा पाहिल्या. मध्य प्रदेशात (वर्धा तेव्हा त्यातच होतं) मालगुजारी मोडणारा कायदा 31 मार्च 1951 ला लागू झाला. आणि त्याच महिन्यात विनोबा पवनारहून पायी तेलंगणाकडं निघालेले होते, हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाची, म्हणजे भूमिहीनांसाठी दान मागितलेली, पहिली जमीन मिळाली. म्हणजे सातबारा मागणारा माणूस त्याच बंगल्यातून निघाला! कापूस विसरू नका हे माझं म्हणणं कायम आहे. पण बंगला फक्त पैशानं ओळखायचा, हे मी सोडलं.

कपाशीवाला
भूदानाचं आमाले नका सांगू. आमच्या गावात वाटलेली जमीन बरड निघाली, नांगराचा फाळ बसे ना. चांगली काळी कोणी देते का? आणि मागणारा साधू असला तरी देणारा मालगुजारच ना.

बोरनाला
मालगुजारानं द्यायचंही नाही आणि ठेवायचंही नाही, मग करायचं तरी काय?

कपाशीवाला
भाव द्यायचा. कापसाले.